हातचा डावीकडे, बाकी उजवीकडे

‘संगणक कधी चुकत नाही, चुकतो तो प्रोग्रॅम लिहिणारा.’ हे वाक्य कॉलेजच्या पहिल्या वर्गात कानावर पडतं आणि पुढे आयुष्यभर सोबत राहतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण नेहमी नाही.

सी भाषेतला हा इवलासा प्रोग्रॅम पाहा. क्ष आणि य या एकेका बाइटच्या दोन जागा आहेत. क्ष चिन्हासहित आहे, म्हणजे तिथे ऋण संख्याही चालते. य बिनचिन्हाची आहे. क्ष मध्ये 1 ठेवला, य मध्ये 255. आता विचारायचं : क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? असेल तर उत्तर 1, नसेल तर 0. दुसरीतलं पोरही 0 म्हणेल. उबुंटू लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 8.04.1 या आवृत्तीसोबत मिळणारा जीसीसी कंपायलर मात्र 1 म्हणत होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची यात काडीचीही चूक नव्हती.

आपण लिहिलेल्या मजकुराचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीस्मिथ’ नावाचं साधन बनवलं. ते मनाला येतील तसे, पण नियमात बसणारे सी प्रोग्रॅम रचतं. तोच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपायलरना द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. तीन वर्षांत त्यांना 325 हून अधिक, तोवर कोणालाच माहीत नसलेल्या चुका सापडल्या. हे काम 2011 साली प्रसिद्ध झालं आणि 1 व 255 ची ही गोष्ट त्यातलीच.

एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे 0 किंवा 1 ची आठ घरं, म्हणून 256 वेगवेगळ्या आकृत्या. बिनचिन्हाच्या वाचनात त्या 0 ते 255 होतात. चिन्हासहित वाचनात सर्वांत डावीकडच्या बिटची किंमत उणे 128 धरतात, म्हणून पल्ला -128 ते 127 असा होतो. आठही बिट 1 असतील तर पहिल्या वाचनात 255 येतात, दुसऱ्यात -128 अधिक 127, म्हणजे -1. आकृती तीच, वाचन वेगळं. सी भाषेचा नियम सांगतो की तुलना करण्याआधी दोन्ही छोट्या संख्या ऐसपैस जागेत न्या. आजच्या नेहमीच्या संगणकांवर ही जागा 32 बिटांची असते. नेताना चिन्हासहित संख्येच्या डाव्या बिटची नक्कल पुढे पसरवा, बिनचिन्हाच्या संख्येपुढे शून्यं भरा. तसं केलं तर 1 आणि 255 हेच उरतात. य कडे चिन्हासहित नजरेने पाहिलं तर मात्र प्रश्न ‘1 हा -1 पेक्षा मोठा का’ असा होतो. त्याचं उत्तर 1, म्हणजे तो कंपायलर देत होता तेच.

मग कंपायलरने डोळे मिटून प्रत्येक वेळी 32 बिटच का वापरू नयेत? कारण जागा म्हणजे वेग. प्रोसेसरच्या 128 बिटांच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या त्याच्या आतल्या कप्प्यात, 32 बिटांच्या चार संख्या मावतात, आठ बिटांच्या सोळा. म्हणून चांगला कंपायलर सतत विचारत असतो : हे गणित आठ बिटांतच उरकलं तर उत्तर बदलेल का?

मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते याचं उत्तर, कारण ते चौथीच्या पाटीवर सापडतं. 4738 आणि 2586 ची बेरीज 7324. आता फक्त शेवटचे दोन-दोन अंक घ्या : 38 अधिक 86 म्हणजे 124. इथेही शेवटचे दोन अंक 24 च आले. गुणाकारातही हेच घडतं, आणि वजाबाकीतही. हातचा नेहमी डावीकडे जातो, उजवीकडे कधीच येत नाही. त्यामुळे डावीकडचे अंक फेकून दिले तरी उजवीकडच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. भागाकाराचं उलट आहे. तो आपण डावीकडून सुरू करतो आणि उरलेली बाकी उजवीकडच्या अंकाला जोडतो. 4738 भागिले 2 म्हणजे 2369, पण 38 भागिले 2 म्हणजे 19. शेवटचे दोन अंक, 69 आणि 19, जुळत नाहीत. तुलनाही डावीकडूनच होते.

तर उत्तराचे फक्त खालचे, म्हणजे उजवीकडचे, आठ बिट हवे असतील, तेव्हा बेरीज, वजाबाकी, गुणाकार खुशाल आठ बिटांत करा. पण त्यापुढे भागाकार असेल तर सांभाळून. 100 आणि 100 ची सरासरी घ्या. बेरीज 200, आठ बिटांच्या चिन्हासहित वाचनात ती होते -56, आणि तिची निम्मी -28. शंभर आणि शंभरची सरासरी उणे अठ्ठावीस!

नुसता भागाकार घेतला तर चूक आणखी नाजूक होते. भाज्य आणि भाजक दोन्ही आठ बिटांत मावतात असं कंपायलरला सिद्ध करता आलं, तर भागाकारही आठ बिटांत करायला हरकत नाही असं वाटतं. शून्याने भागणं सोडलं तर अशा जोड्या 65,280. त्यातल्या 65,279 बरोबर निघतात. एकच फसते : -128 भागिले -1. उत्तर 128, आणि पल्ला संपतो 127 वर. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर आठ बिटांच्या अशा भागाकाराला थेट नकार देतात आणि लिनक्सवर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. मूळ प्रोग्रॅममध्ये भागाकार 32 बिटांत होता, तिथे 128 व्यवस्थित आला असता.

दुरुस्ती अगदी थोडक्यात होते. एलएलव्हीएम या कंपायलरमध्ये भागाकार अरुंद करणाऱ्या भागात ही काळजी घेतलेली आहे. भाज्य सर्वांत लहान ऋण संख्या असू शकतो का आणि भाजक -1 असू शकतो का, हे तिथे तपासतात. दोन्ही शक्य असतील तर एक बिट जास्त धरतात. आठाचे नऊ होतात, आणि नऊ बिटांची जागा मिळत नाही म्हणून सोळा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत एक तोडगा फार चालतो : ‘विचित्र उत्तर आलं की ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलर करतो ते फेरबदल) बंद कर.’ हा ताईतच आहे. 1 आणि 255 ची ती चूक ऑप्टिमायझेशनच्या सगळ्या पातळ्यांवर होती, बंद करूनही गेली नसती. आणि बंद केल्यावर चूक दिसेनाशी झाली म्हणून दोष कंपायलरचा ठरत नाही. सीमध्ये चिन्हासहित बेरीज पल्ल्याबाहेर गेली तर काय व्हावं हे भाषाच सांगत नाही, आणि त्या मोकळिकीचा फायदा घ्यायला कंपायलरला परवानगी आहे. आधी आपला कोड तपासावा, मग प्रोग्रॅम शक्य तितका छोटा करत जावा. तीन ओळींवर आला की दोष कोणाचा ते उघड्यावर पडतं.

आठ बिटांत सगळ्या जोड्या करून बघता येतात, साधा लॅपटॉप ते काम पापणी लवायच्या आत करतो. 32 बिटांत त्याच जोड्या 18 वर 18 शून्यांच्याही पुढे जातात. तिथे करून बघणं संपतं, सिद्धच करावं लागतं. त्यासाठी रेगर, संतोष नागरकट्टे आणि सहकाऱ्यांनी ‘अलाइव्ह’ हे साधन लिहिलं. 2015 च्या त्यांच्या शोधनिबंधात एलएलव्हीएममधल्या 300 हून जास्त ऑप्टिमायझेशनची अशी तपासणी आहे, आणि त्यातली आठ चुकीची निघाली. एखादा नियम चुकतो तेव्हा अलाइव्ह नुसतं ‘चूक’ म्हणून थांबत नाही, तो कुठे मोडतो त्याचं उदाहरणही देतं. ते उदाहरण शक्यतो चार किंवा आठ बिटांतलं शोधतं, म्हणजे माणसाला कागदावर पडताळता येतं. चार बिटांचा पल्ला -8 ते 7. आता -8 ला -1 ने भागून पाहा.