यूएसबीच्या सॉकेटमागे काय असतं?

मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका चिपमध्ये मावलेल्या छोट्या संगणकाचा, बोर्ड घेताना पोरं हल्ली आधी विचारतात, केबल मायक्रो लागते की सी? सॉकेटमागे कोणती चिप आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. बोर्डाचा निम्मा स्वभाव मात्र तिथेच ठरतो.

इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला १९८० मध्ये, यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये. मधल्या वर्षांत शिकण्याचे किट आणि संगणक बहुतेक सिरियल पोर्टवरून बोलत होते, पुढेपुढे नऊ पिनांच्या. या पोर्टच्या आरएस-२३२ या प्रमाणाचं व्होल्टेज शून्याच्या वरही जातं आणि खालीही. कंट्रोलरला ० आणि ५ व्होल्ट एवढंच कळतं. म्हणून किटवर व्होल्टेज बदलून देणारी मॅक्स२३२ चिप आणि त्याच्याभोवती कपॅसिटरची पलटण. बेळगाव-निपाणीकडे त्या काळी डिप्लोमा केलेल्यांना हे चित्र अजून पाठ असेल.

पुढे लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट गेला आणि मधे यूएसबीचं सिरियल करून देणारी दुभाषी चिप बसवावी लागली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात सुरू झालेल्या आर्डुइनो बोर्डांचा प्रवास याच वाटेने झाला. आधी सिरियल, मग एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरियल चिप. २००७ च्या डिएचिमिला बोर्डाने एक छोटी पण मोठ्या सोयीची गोष्ट केली: डीटीआर ही सिरियलची एक तार कपॅसिटरमधून रीसेटला जोडली. प्रोग्राम टाकताना नेमक्या क्षणी बटण दाबायची कसरत संपली. २०१० च्या ऊनोमध्ये दुभाष्याचं काम दुसऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे गेलं आणि २०१२ च्या लिओनार्डोत यूएसबी थेट मुख्य चिपमध्येच आलं. त्यामुळे हा बोर्ड कीबोर्ड किंवा माऊस म्हणूनही वावरू शकतो. त्याची किंमतही आहे: रीसेट झाला की पोर्टच संगणकावरून गायब होतो, आणि नवशिका घाबरतो.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत गंमत वेगळीच. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच, आणि तिच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात संगणक शाखेच्या प्रात्यक्षिकांना एआरएम७ जातीचा एलपीसी२१४८ हा मायक्रोकंट्रोलर होता. या चिपमध्ये सेकंदाला १२ मेगाबिटचं यूएसबी आहे. पण तिचा कारखान्यातून येणारा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चिपमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम, ओळखतो फक्त सिरियल! म्हणजे घरात नळ असून पाणी शेजारच्या विहिरीवरून आणायचं. अशा बोर्डांवर म्हणूनच एक तर जुना नऊ पिनांचा पोर्ट दिसतो, नाही तर वेगळी यूएसबी-सिरियल चिप. चिपचं स्वतःचं यूएसबी बहुतेक प्रात्यक्षिकांत कोरडंच राहतं. स्वस्त म्हणून पोरांनी उचललेल्या ‘ब्लू पिल’ची, म्हणजे एसटीएम३२एफ१०३ चिपच्या बोर्डाची, तऱ्हाही हीच. त्यात भर म्हणजे यूएसबीच्या डी-प्लस या डेटाच्या तारेवर दीड किलोओहमचा रेझिस्टर हवा, तिथे अनेक बोर्डांवर दहा किलोओहमचा बसवलेला असतो. यूएसबी जोडलं गेल्याचं संगणकाला याच रेझिस्टरवरून कळतं. तो चुकला की एका लॅपटॉपवर बोर्ड चालतो, दुसऱ्यावर नाही, आणि शिव्या बिचाऱ्या केबलला.

जानेवारी २०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोने हे दुखणं मुळातच काढलं. त्याचा बूटलोडर चिपच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या कोरलेल्या मेमरीत, आहे आणि त्याला यूएसबी कळतं. बूटसेल बटण दाबून केबल लावा, बोर्ड पेन ड्राइव्हसारखा उघडतो, फाइल त्यावर टाका, झालं. रॉम पुसता येत नाही, त्यामुळे चुकीच्या प्रोग्रामने बोर्ड कायमचा बंद पडत नाही. चार डॉलरच्या बोर्डात दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम. रीसेटचं बटण मात्र दिलं नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

कॉलेजच्या टेबलावर यूएसबी जिंकलं, कारखान्यात तसं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपासच फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. तिथे मोटर चालू-बंद करणारा मोठा कॉन्टॅक्टर खटकन् ओढला गेला की विजेच्या गोंगाटाने यूएसबीची जोडणी तुटू शकते, आणि केबल पाच मीटरच्या पलीकडे नेता येत नाही. आरएस-४८५ हे सिरियलचंच दुसरं प्रमाण कमी वेगाला बाराशे मीटरपर्यंत जातं आणि असा गोंगाट बराच पचवतं. पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे कारखान्यातले कंट्रोलर, आणि मोटरचे ड्राइव्ह बहुधा त्यावरच मॉडबस ही ठरलेली भाषा बोलतात. म्हणून प्रकल्प कारखान्यात लावायचा असेल, तर यूएसबी प्रोग्राम टाकण्यापुरतं ठेवावं आणि बोर्डावर आरएस-४८५ ची चिप, जमल्यास ऑप्टोकप्लरसह, म्हणजे दोन्ही बाजू विजेने अलग ठेवून प्रकाशाने संदेश पोचवणाऱ्या भागासह, आधीच बसवून घ्यावी.