मार्क ब्रॅडफर्ड: पोस्टरांच्या थरांतलं लॉस एंजेलिस

अमेरिकन चित्रकार मार्क ब्रॅडफर्डच्या अमूर्त चित्रांतला रंग बहुतांशी ब्रशने लावलेला नसतो, तो कागदाचाच असतो. आणि तो कागद लॉस एंजेलिसचा असतो.

ब्रॅडफर्डचा जन्म १९६१चा. शहराच्या दक्षिण भागात, लमर्ट पार्कला त्याच्या आईचं सलून होतं. तोही तिथे केस करायचा. १९९७ला कॅलआर्ट्स या कलाशाळेतून एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) झाल्यावरही हे काम चालूच होतं. पर्म करताना केसांची टोकं रोलरवर गुंडाळण्याआधी एका छोट्या, अर्धपारदर्शक कागदात धरतात. तो एंड पेपर त्याने कॅनव्हासवर आणला. कडा जाळून काळ्या करायच्या आणि ओळीने चिकटवायचे, की चौकटींची जाळी तयार. २००१ साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममधल्या 'फ्रीस्टाइल' प्रदर्शनाने त्याचं नाव झालं.

पुढचा कागद रस्त्यावरचा. एप्रिल १९९२मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. ५०हून जास्त माणसं गेली. जळालेल्या दुकानांच्या जागांना कुंपणं पडली, कुंपणांवर पोस्टरं चढली: कर्जमुक्ती, घटस्फोट, मुलांचा ताबा, डीएनए चाचणी, घर रोखीत विका. वस्तीची नड याहून नेमकी क्वचितच कुठे लिहिलेली सापडेल. ब्रॅडफर्ड ही पोस्टरं आणून थरावर थर चिकटवतो, मध्ये दोऱ्या पुरतो आणि सँडर (घासायचं यंत्र) फिरवतो. खालची अक्षरं अर्धवट वर येतात, दोरी उपसली की रस्त्यासारखा चर पडतो. ब्रिटनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहातलं 'लॉस मॉस्कोस' (२००४) जवळपास पाच मीटर रुंद आहे. रात्री विमानातून खाली पाहावं तसं शहर त्यात लुकलुकतं.

पॅरिसमध्ये जाक व्हिलेग्ले हा फ्रेंच कलाकार १९४९पासून भिंतींवरची फाटकी पोस्टरं काढून चित्र म्हणून मांडत होता. पण तिथे फाडणारे हात अनोळखी वाटसरूंचे होते. ब्रॅडफर्ड आपल्या शहराची नड स्वतः खरवडून वर आणतो, आणि म्हणूनच त्याच्या अमूर्ताला सामाजिक म्हणणं पटतं.

२०१५मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्याच हॅमर म्युझियमच्या लॉबीतली भिंतच कोरली. तिच्यावर आधीच्या चित्रकारांच्या भित्तिचित्रांचे थर होते. ते खोदून त्याने अमेरिकेचा नकाशा काढला आणि प्रत्येक राज्यात एक आकडा घातला: २००९अखेर दर लाख लोकांमागे एड्सचं निदान झालेली माणसं.