आईचे मानसिक आरोग्य आणि बालवर्तन : परिचर्या संशोधन

आईच्या मनाची अवस्था आणि तिच्या सहा वर्षांखालील मुलाचे वागणे यांतील संबंधाचा परिचारिकांनी केलेला अभ्यास. मानसोपचार व मानसशास्त्रातही हा विषय अभ्यासला जातो. पण मानसोपचारतज्ज्ञाला आई भेटते ती दवाखान्यात, तर नर्सबाईला ती उंबऱ्यावर भेटते. मन बिघडले म्हणून बाळंतीण सहसा कुठे जातच नाही. ती सांगते कंबरदुखी, जड झालेले डोके, न लागणारी झोप. फार तर ‘कशात जीव लागत नाही’ म्हणते. हे ऐकणारी पहिली शिकलेली व्यक्ती बहुधा नर्सच असते.

आईचे मन मोजण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे एडिंबरो प्रसवोत्तर नैराश्य मापनी (१९८७). प्रश्न दहा, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. विचारायचे ते गेल्या सात दिवसांबद्दल. मापनी निदान करत नाही, कोणाकडे लक्ष द्यायला हवे एवढेच सांगते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा आहे. त्याला होकार आला, तर बेरीज कितीही कमी असो, बाईला तसेच घरी पाठवू नये. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या; गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही त्यातली ठळक कारणे होती.

मुलाच्या बाजूने पाहतात ते हट्ट, लोळण घेणे, मारणे-चावणे, झोपमोड, आईला सोडून न राहणे. गप्प मूल मात्र यातून निसटते. घरात त्याला ‘गुणाचं’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगात आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवला, तेव्हा काही महिन्यांच्या बाळाने आधी हसून, हात हलवून तिला बोलते करायचा प्रयत्न केला आणि मग नजर वळवली. गप्प मुलाकडे पाहताना ही वळलेली नजर आठवावी.

अमेरिकन परिचारिका-संशोधक शेरिल बेक यांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आईचे नैराश्य व मुलाच्या वर्तनसमस्या यांत मध्यम स्वरूपाचा संबंध दिसला. मध्यम, म्हणजे आईवर खापर फोडण्याजोगा मुळीच नाही. किरकिऱ्या बाळानेही आई खचते. शिवाय वर्तनाची यादी बहुतेक वेळा आईच भरते, आणि खचलेल्या आईला मूल आहे त्याहून त्रासदायक वाटू शकते. म्हणून नर्सच्या डोळ्यांना मोल आहे. कॅथरिन बर्नार्ड या परिचारिकेने आई बाळाला भरवत असताना करायच्या निरीक्षणाची मापनीच तयार केली. आपल्याकडे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशीच्या दिवशी हे सहज दिसते: सुई टोचल्यावर बाळ टाहो फोडते, एक आई त्याला खांद्यावर घेऊन थोपटते, दुसरी मांडीवर तसेच धरून भिंतीकडे बघत राहते.

सातारा-सांगलीत या अभ्यासाला एक वेगळीच अडचण आहे, ती माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना शेक-शेगडी, अळिवाचे नि डिंकाचे लाडू, आईच्या हातचे ऊन पाणी. आशाताईच्या घरभेटी (३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी) याच काळात उरकतात. पुढे लेकुरवाळी जतहून कराडला सासरी येते. रान, गुरे, चूल आणि रात्रीची जागरणे तिची वाट पाहत असतात. गाव बदलते, आशा बदलते, वही बदलते. माहेरी भरलेल्या मापनीत हे दिवस येतच नाहीत. तेव्हा उत्तरे देताना ती माहेरी होती की सासरी, हा रकाना वयाच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा धरायला हवा.

सासरी प्रश्न विचारणेही सोपे नसते. आईला विचारावे तर उत्तर सासूकडून येते: “बरी हाय की सिस्टर, खाती-पिती.” जाणती नर्स बाळ सासूकडे देते, वजनकाट्यापाशी थांबायला सांगते आणि रक्तदाब बघायच्या निमित्ताने सुनेला आत घेते. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या, कारखान्याच्या आसपास कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या आया तर घरोघरच्या पाहणीत सापडणे अवघड. हंगाम सरला की त्या गेलेल्या असतात.

एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध सक्तीचा असतो. त्यात वरचेवर दिसणारी पद्धत म्हणजे मातांची आधी चाचणी, मग शिकवण, मग पुन्हा चाचणी. यातून मातांची माहिती वाढल्याचे सिद्ध होते. मूल रात्री झोपू लागले का, हे कळत नाही. त्यासाठी त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

तसे जाण्याचा गुण १९८९ साली ब्रिटनमध्ये दिसला. एडिंबरो मापनीच्या सहकर्त्या जेनिफर होल्डन यांच्या अभ्यासात घरभेटीच्या परिचारिकांनी नैराश्यग्रस्त मातांकडे आठ आठवडे, आठवड्यातून एकदा जाऊन, सल्ला न देता ऐकून घेतले. अशा २६ मातांपैकी १८ सावरल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ पैकी ९. आपल्याकडे मैदानी भागात एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० वस्ती धरतात, आणि एएनएमच्या (उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या) हाती लसीकरणापासून अहवालांपर्यंत सगळेच असते. एका आईसाठी आठ भेटींचा वेळ तिला काढून द्यावा लागेल. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा) मोफत क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहून देता येतो.