जॉन फँटी

फँटी, जॉन : (८ एप्रिल १९०९ – ८ मे १९८३). इटालियन वंशाचे अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व पटकथालेखक. जन्म कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे. वडील निकोला हे इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील तोरिचेल्ला पेलिन्या या डोंगराळ गावातून आलेले गवंडी होते. बोल्डर येथील बालपण आणि डेन्व्हरमधील जेझुइट शाळा यांनंतर महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून फँटी कॅलिफोर्नियाला गेले व लॉस अँजेलिसच्या बंदर भागात मिळेल ते काम, अगदी मासळीच्या कारखान्यातलेही, करत लिहू लागले. संपादक एच. एल. मेंकेन यांनी १९३२ मध्ये ‘अमेरिकन मर्क्युरी’ या मासिकात त्यांची कथा छापली आणि त्या दोघांचा पत्रव्यवहार पुढे दीर्घकाळ चालला.

‘वेट अन्टिल स्प्रिंग, बॅन्डिनी’ (१९३८) या पहिल्या प्रकाशित कादंबरीत बर्फामुळे काम बंद पडलेला गवंडी, उधारी मागायला वाण्याच्या दारात जाताना संकोचाने अर्धमेली होणारी त्याची बायको आणि या दोघांची लाज वाटणारा मुलगा आर्तुरो बॅन्डिनी येतात. हाच आर्तुरो ‘आस्क द डस्ट’ (१९३९) मध्ये बंकर हिल टेकडीवरच्या स्वस्त हॉटेलात संत्र्यांवर दिवस काढणारा, एका छापील कथेच्या बळावर स्वतःला थोर समजणारा लेखक झालेला दिसतो. कॉफी आणून देणाऱ्या कमिला या मेक्सिकन वंशाच्या तरुणीच्या फाटक्या चपलांची तो टवाळी करतो आणि तिच्या वंशावरून तिला हिणवतो. लहानपणी इटालियन म्हणून त्याने स्वतः ऐकलेल्या शिव्याच या वेळी त्याच्या तोंडून वेगळ्या रूपात बाहेर पडतात, हे त्यालाही मागाहून उमगते. नायकाला इतके क्षुद्र होऊ देऊनही वाचकाची माया त्याच्यावरून उडू न देणे, हे फँटींचे खरे कसब होय.

‘आस्क द डस्ट’ त्या वेळी फारशी खपली नाही. ‘डॅगो रेड’ (१९४०) या कथासंग्रहानंतर बारा वर्षे त्यांचे नवे पुस्तक आले नाही. घर चालले ते हॉलिवुडच्या पगारावर, आणि त्या कामाविषयी त्यांच्या मनात कायम अढी राहिली. तरीही ‘फुल ऑफ लाइफ’ (१९५२) या कादंबरीवरील १९५६ च्या चित्रपटाची त्यांनीच लिहिलेली पटकथा गाजली. घरातली वाळवीने पोखरलेली लाकडी जमीन दुरुस्त करायला बोलावलेला म्हातारा गवंडी बाप ते काम बाजूला ठेवून घरात भलीमोठी दगडी शेकोटी (फायरप्लेस) बांधत बसतो, हा त्यातील प्रसंग निव्वळ विनोदी नाही. ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ (१९६२) या चित्रपटाच्या पटकथेचेही ते सहलेखक होते.

मधुमेहाने १९७८ मध्ये त्यांची दृष्टी गेली. पुढे दोन्ही पायही कापावे लागले. ‘ड्रीम्स फ्रॉम बंकर हिल’ (१९८२) ही बॅन्डिनीची अखेरची कादंबरी त्यांनी पत्नी जॉइस यांना तोंडी सांगून लिहवली. तरुणपणी लॉस अँजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘आस्क द डस्ट’ हाती लागलेले कवी चार्ल्स ब्युकोव्स्की यांच्या आग्रहामुळे ती कादंबरी १९८० मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह पुन्हा निघाली होती. १९३०च्या दशकात प्रकाशकांनी नाकारलेली ‘द रोड टु लॉस अँजेलिस’ ही मात्र फँटींच्या मृत्यूनंतर, १९८५ मध्ये छापली गेली. बंकर हिलवरची जुनी घरे शहराच्या पुनर्विकासात पाडली गेली आहेत. २०१० मध्ये फँटींचे नाव दिलेला चौक त्या टेकडीच्या पायथ्याशी, याच ग्रंथालयाला लागून आहे.