खाऱ्या पाण्यात क्ले (चिकणमाती) किरणोत्सारी द्रव्य धरून ठेवते का? कुठलं द्रव्य ते आधी सांगा

आमच्या कोल्हापुरात, शिरोळकडं तर जास्तच, क्षारपड जमिनीचा विषय निघाला की जिप्सम आलंच. चोपण रानात जिप्सम टाकायचं, त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हुसकावून तिथं बसतं, मग पाणी देऊन ते सोडियम चरातनं बाहेर काढायचं. एवढं माहीत असलं की अणुकचरा पुरायच्या खडकातलं अर्धं काम समजलंच म्हणा, कारण स्वित्झर्लंडच्या माँ तेरीला ओपालिनस क्ले नावाचा नाहीतर फ्रान्समध्ये ब्यूरला जवळपास ५०० मीटर खाली जो क्लेचा खडक तपासतात तिथंही हाच खेळ आहे. उरलेलं अर्धं वेगळं आहे, पण किरणोत्सारी द्रव्य क्लेवर थांबायच्या ह्या दोन्ही प्रकारांना लोक 'चिकटतं' म्हणतात आणि मग 'पाणी खारं असलं की क्ले उपयोगाची नाही' असलं काहीतरी ठोकून देतात.

पहिला प्रकार आयन एक्स्चेंज, म्हणजे भार असलेल्या कणांची (आयनांची) अदलाबदल. क्लेच्या पापुद्र्यात सिलिकॉनच्या जागी कुठंतरी ॲल्युमिनियम, ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळं पापुद्र्यावर कायमचा ऋण भार राहतो आणि धन भाराचे आयन तिथं नुसते ओढीनं थांबतात, बंध वगैरे काही नाही. स्ट्रॉन्शियम-९० बहुतेक असंच धरलं जातं. आता पाण्यात सोडियम-कॅल्शियमची गर्दी झाली की त्याला जागा सोडावी लागते, म्हणजे इथं मीठ खरंच नडतं.

दुसरा सरफेस कॉम्प्लेक्सेशन, म्हणजे पृष्ठभागाशी थेट रासायनिक बंध. हे पापुद्र्याच्या तुटक्या कडेला होतं, तिथं ऑक्सिजन-हायड्रोजनची टोकं उघडी असतात आणि अमेरिशियम किंवा चार धन भाराचं प्लुटोनियम त्या ऑक्सिजनशी सरळ बंध करतं. सोडियमला असला बंध जमत नाही, त्यामुळं साधं मीठ कितीही वाढलं तरी ह्याला फारसा फरक पडत नाही. ह्याचा वैरी म्हणजे आम्लपणा, सामू खाली गेला की कडेवर हायड्रोजन ठाण मांडतो. युरेनियमची गोष्ट अजून वेगळी, पाण्यात कार्बोनेट असलं की ते त्याच्याशीच जोडी करून पाण्यातच राहतं.

मला खरी गंमत वाटते ती सिझियम-१३७ ची. हे आयन एक्स्चेंजच, पण इलाइट नावाच्या क्लेच्या कडेला पापुद्रे जरासे उसवलेले असतात, सिझियम अंगावरचं पाणी सहज झटकतं आणि त्या फटीत घुसून बसतं. सोडियम, कॅल्शियम आपलं पाणी सोडायला तयार नसतात म्हणून त्यांना तिथं शिरता येत नाही, पण पोटॅशियम येतं, अमोनियमही येतं. म्हणजे नुसतं 'खारं पाणी' म्हणून भागत नाही, त्यात पोटॅशियम किती ते बघायला लागतं. माझ्या मते ह्या विषयात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, लोक क्षारांचा एकूण आकडा बघतात आणि निकाल देऊन टाकतात.

आणि आयोडीन-१२९, अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर, ह्याला दोन्ही प्रकार जवळपास लागूच नाहीत. ते आयोडाइड म्हणजे ऋण भाराचं, क्लेही ऋण, त्यामुळं बारीक छिद्रात त्याला शिरकावच कमी मिळतो. पण पाणी खारं झालं की क्लेचा हा ढकलायचा पट्टा आकसतो आणि आयोडाइडला फिरायला उलट जास्त छिद्रं मोकळी होतात. मग त्याला अडवायला राहतं काय, तर अख्ख्या खडकाची जाडी आणि त्यातनं मुंगीच्या पावलानं होणारा प्रसार (डिफ्यूजन).