अळीच्या आजारावर राखलेली बाग

सफरचंद चिरल्यावर गाभ्यापर्यंत गेलेलं भोक आणि त्यात साचलेली विष्ठा दिसली, तर ते बहुधा कॉडलिंग पतंगाच्या अळीचं काम असतं. एकदा ती फळात शिरली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. अंडं फुटल्यापासून ती आत घुसेपर्यंतचे काही तास, एवढाच काय तो वेळ हाती असतो.

या अळीला मारणाऱ्या ग्रॅन्युलोव्हायरस नावाच्या विषाणूची फवारणी साधायची ती याच वेळी. तो 1963 साली मेक्सिकोत सापडला. प्रथिनाच्या इवल्याशा कणात तो बंद असतो. असे दोन हजार कण ओळीने ठेवले तर जेमतेम मिलिमीटरभर जागा लागेल. फळाची साल कुरतडताना अळी ते गिळते. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात कणाचं वेष्टण विरघळतं, विषाणू मोकळा होऊन पेशींत शिरतो आणि तिथे त्याच्या प्रती निघू लागतात. अळी सुस्तावते, पांढुरकी पडते. काही दिवसांत तिची कातडी फाटून आतला द्रव बाहेर ओघळतो. मोठ्या अळीच्या त्या द्रवात अब्जावधी नवे कण असतात! नुकत्याच जन्मलेल्या अळीला मारायला मात्र मोजके कणही पुरतात.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते विषाणूचं नेमकेपण. तो या पतंगाला आणि त्याच्या काही जवळच्या भाऊबंदांनाच बाधतो. मधमाश्या, किडी खाणारे मित्रकीटक, पक्षी, माणसं यांना त्याचा त्रास नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी साधारण आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा करावी लागते. अळी लगेच मरत नसल्याने फळांवर थोडे ओरखडेही राहतात.

खरी अडचण उभी राहिली ती वेगळीच. युरोपातल्या बागांत वर्षानुवर्षं या विषाणूचा मेक्सिकोतलाच वाण फवारला जात होता. 2000 नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतल्या सेंद्रिय बागांत त्याला दाद न देणाऱ्या अळ्या आढळल्या. पुढे 2014 साली कारण उलगडलं: मेक्सिकोच्या वाणात पीई38 नावाच्या जनुकात डीएनएच्या 24 अक्षरांचा एक जादा तुकडा आहे, आणि या अळ्यांचा प्रतिकार तो तुकडा असलेल्या विषाणूपुरताच चालतो. तो नसलेले वाण, उदाहरणार्थ इराणमधला एक, त्यांना पुन्हा मारू शकले. नंतर काही नव्या वाणांनाही न जुमानणाऱ्या अळ्या सापडल्या. म्हणून वाण आलटून पालटून वापरायचे आणि जोडीला मादीच्या गंधाने नरांना चकवणारी कामगंध साधनं बागेत लावायची, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.