डिस्कचं नाव की डिस्कचा पत्ता : एचपी-यूएक्स क्लस्टरमधल्या नामांतराची पार्श्वभूमी

हिंजवडी-खराडीतून ज्यांचे युनिक्स सर्व्हर सांभाळले जातात, त्या बँका आणि कारखान्यांच्या जुन्या एचपी-यूएक्स (एचपी कंपनीची युनिक्स) क्लस्टरमध्ये, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल अशा जोडलेल्या सर्व्हरांमध्ये, सी४टी०डी१ अशी डिस्कची नावं अजून भेटतात. खरं तर हे नाव नव्हेच, तो पत्ता आहे: चार क्रमांकाचं कार्ड, शून्य क्रमांकाचं टार्गेट (कार्डाला जोडलेलं उपकरण), एक क्रमांकाचं लन (त्या उपकरणातली डिस्क). कार्डाला ८ बिट, टार्गेटला ४ बिट आणि लन फक्त ० ते ७. म्हणजे २५६ × १६ × ८ = सर्व्हरपासून डिस्कपर्यंतच्या ३२,७६८ वाटा, त्यापुढे क्रमांकच नाहीत. एका पेटीतली एक केबल आणि तिला जोडलेल्या चार-सहा डिस्क, या काळात ही रचना पुरेशी होती.

स्विचमधून अनेक सर्व्हर आणि डिस्क जोडणारं फायबर चॅनल हे जाळं आलं आणि ती अपुरी पडली. एचपी-यूएक्स ११आय व्ही२ पर्यंत हार्डवेअर पाथमध्ये (उपकरणापर्यंतच्या पूर्ण पत्त्यात) स्विचचा डोमेन आणि पोर्टही लिहिलेला असे, त्यामुळे केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातली तरी डिस्कचं नाव बदलायचं. शिवाय दर १२८ लनला नवा सी-क्रमांक लागे. एका वाटेवर १,००० लन दिसले तर ८ क्रमांक खर्च, चार वाटांना ३२.

त्याहून मोठी अडचण एकाच लनची चार नावं होण्याची होती. सदाशिव पेठेतल्या वाड्याला टिळक रस्त्यानं या की कुमठेकर रस्त्यानं, वाडा एकच. जुन्या पद्धतीत मात्र प्रत्येक रस्त्यागणिक वेगळा वाडा मोजला जाई. या वाटांची जोडणी एलव्हीएमच्या (डिस्कचे गट सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) पीव्हीलिंक्स या सोयीनं करायची: व्हीजीएक्स्टेंड या आज्ञेनं दुसरी वाट जोडली की ती राखीव राहते आणि पहिली तुटल्यावरच वापरात येते. व्हेरिटास कंपनीच्या डायनॅमिक मल्टिपाथिंगनं (अनेक वाटा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं) डिस्कचा अनुक्रमांक वाचून सगळ्या वाटा एका नावाखाली आणल्या. या व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यातच होतं, म्हणून हा इतिहास या शहराला परका नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये ११आय व्ही३ आलं आणि मल्टिपाथिंग कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच गेलं. नाव आता लनच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीला (जगात एकमेव असलेल्या ओळखक्रमांकाला) बांधलं गेलं: /डेव्ह/डिस्क/डिस्क१४. वाटा कितीही असोत, फाइल एक, आणि मूळ धोरण राउंड रॉबिन, म्हणजे सगळ्या वाटा पाळीपाळीनं वापरणं. जुनी नावं मात्र काढली नाहीत, ती शेजारी तशीच राहिली. अपग्रेड सोपं झालं ते यामुळे, आणि पुढची गुंतागुंतही यातूनच आली.

एकाच सर्व्हरवर नव्या नावांकडे जाण्याचं काम सोपं आहे. ‘आयओस्कॅन -एम डीएसएफ’ जुन्या-नव्या नावांची जोडी दाखवतं, व्हीजीडीएसएफ ही स्क्रिप्ट व्होल्यूम ग्रुप (एलव्हीएममधला डिस्कचा गट) नव्या नावांवर नेते. क्लस्टरमध्ये मात्र १४ हा क्रमांक त्या नोडपुरताच (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरपुरताच) असतो, दुसऱ्या नोडवर तोच लन डिस्क२२ असू शकतो. गटांची नोंद ठेवणारी एलव्हीएमटॅब फाइलही प्रत्येक नोडची वेगळी. म्हणून पहिल्या नोडवर ‘व्हीजीएक्स्पोर्ट -पी -एस -एम’नं मॅप फाइल (गटाची माहिती) घ्यायची, दुसऱ्यावर जुनी नोंद एक्स्पोर्ट करून (म्हणजे काढून), ग्रुप फाइल (गटाची उपकरण-फाइल) त्याच मायनर क्रमांकानं बनवून, ‘व्हीजीइम्पोर्ट -एन -एस -एम’ चालवायचं. हा ‘-एन’ (कॅपिटल) सुटला की स्कॅनमधून पुन्हा जुनीच नावं येतात, आणि चूक फेलओव्हर होईपर्यंत, म्हणजे काम दुसऱ्या नोडवर जाईपर्यंत, कुणाच्या लक्षात येत नाही. मायनर क्रमांक वेगळा पडला तर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या) पॅकेजचे, म्हणजे क्लस्टर सांभाळतं त्या सेवेचे, फाइल हँडल (उघड्या फाइलींच्या खुणा) फेलओव्हरनंतर शिळे होतात.

एचपीचं क्लस्टर सॉफ्टवेअर सर्व्हिसगार्ड, त्याची लॉक डिस्क हमखास विसरली जाते. क्लस्टरच्या मजकूर फाइलीत तिचं नाव प्रत्येक नोडखाली स्वतंत्र लिहिलेलं असतं, ते दोन्हीकडे बदलून सीएमअप्लायकॉन्फ या आज्ञेनं लागू करावं लागतं. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये हीच डिस्क निवाडा करते. ती सापडली नाही तर हार्टबीट (नोडमधला ‘मी चालू आहे’ हा सततचा संदेश) तुटल्यावर उभं कुणी राहायचं हे ठरत नाही. नोडागणिक वेगळ्या नावांची ही कटकट पुढे सर्व्हिसगार्ड ११.२० मध्ये /डेव्ह/सीडिस्क या क्लस्टरभर समान नावांनी कमी केली.

ओरॅकल एएसएमचं (डेटाबेसच्या स्वतःच्या डिस्क-व्यवस्थेचं) दुखणं आणखी वेगळं. नवी उपकरण-फाइल बिन:सिस मालकीची, ६४० परवानगीची तयार होते. तिची मालकी ओरॅकलला दिली नाही तर डिस्क दिसतच नाही. एएसएम डिस्क जिथे शोधतं त्या शोधमार्गात नावांचे जुना आणि नवा दोन्ही नमुने ठेवले तर एकच डिस्क दोनदा सापडल्याची ओआरए-१५०२० ही तक्रार येते. सगळीकडचे जुने उल्लेख आयओफाइंडनं शोधून झाल्याशिवाय जुनी नावं काढून टाकणारी ‘आरएमएसएफ -एल’ (कॅपिटल) ही आज्ञा चालवू नये. ‘आयएनएसएफ -एल’नं ती नावं परत आणता येतात, पण थांबलेलं पॅकेज तेवढ्यानं सुरू होत नाही.

नव्या पद्धतीचीही एक अट आहे. आतली डिस्क जळाली आणि त्याच खाचेत दुसरी बसवली, तर डब्ल्यूडब्ल्यूआयडी नवा म्हणून नावही नवं मिळतं. जुनं नाव तिच्याकडे वळवायला आयओ_रीडायरेक्ट_डीएसएफ लागतं. पत्त्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत हे आपोआप व्हायचं.

११आय व्ही३ चा नियमित आधार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ही क्लस्टर आता लिनक्सकडे निघाली आहेत. तिथे एमपाथए, एमपाथबी ही सुटसुटीत नावंही नोडपुरतीच असतात, बाइंडिंग्ज फाइलीत ज्या क्रमानं नोंद झाली त्या क्रमानं. त्यामुळे मल्टिपाथ.कॉन्फमध्ये प्रत्येक डब्ल्यूडब्ल्यूआयडीला स्वतः एलियस (ठरावीक नाव) द्यावं, ती फाइल सगळ्या नोडवर सारखी ठेवावी आणि एलव्हीएमच्या फिल्टरमधून सुट्या एसडी वाटा (एसडीए, एसडीबी अशी एकेका वाटेची नावं) वगळाव्यात.